मदत हवी आहे: स्वस्त आणि कमी कटकटीची ट्रेल बाईक कोणती घ्यावी?

कच्चा_रस्ता (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. रविवारी कच्च्या रस्त्यावर फिरवता येईल अशी गाडी घ्यायची आहे. रेस वगैरे काही नाही, नुसती हौस. महाग नको आणि सारखी गॅरेजला न्यावी लागेल अशीही नको. व्हिडिओ बघून बघून डोक्याचं भजं झालंय, प्रत्येक जण वेगळंच सांगतो. शनिवारी शोरूमला जायचंय. कृपया लवकर सांगा, आणि एकच नाव सांगा.

घाटमाथा
बजेट? उंची? नवी की जुनी? रोज ऑफिसलाही हीच का? "कच्चा रस्ता" म्हणजे मुरूम, चिखल की दगडगोटे? यातलं काहीच लिहिलेलं नाही. नुसतं नाव हवं असेल तर चिठ्ठ्या टाका.

फेसाळ_इंजिन
हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही. विषय संपला. पुढे २१ इंची, मागे १८ इंची तारांचं चाक, वजन १५९ किलोच्या आसपास, ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून इंजिनच्या तळापर्यंतची उंची) २२० मिमी. या पैशात दुसरं काही नाही.

दोन_पायडल
हौसच आहे तर चांगली हार्डटेल एमटीबी (मागे शॉक नसलेली डोंगरी सायकल) घ्या. पुढे एकच चेनरिंग, मागे मोठी कॅसेट, मेकॅनिकल डिस्क. इन्शुरन्स नाही, पीयूसी नाही, पेट्रोल नाही. वर तब्येत सुधारेल.

कच्चा_रस्ता
@दोन_पायडल मोटरसायकल हो! मोटरसायकल!
बजेट दोन लाखांपर्यंत, ऑन-रोड. उंची ५ फूट ४. राहायला मुलुंडला. ऑफिसला ट्रेनने जातो, गाडी फक्त सुट्टीला निघेल. रस्ता म्हणजे कर्जत, मुरबाड, राजमाची वगैरे. येऊर जवळ आहे, तिथेही.

थंपर_४११
रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन ४११ बघा. सीटची उंची ८०० मिमी, एक्सपल्सची ८२५ आहे. ५ फूट ४ ला हा इंचभर फरक फार मोठा. शिवाय ३२ एनएम टॉर्क (ओढण्याची ताकद), तोही खालच्या आरपीएमला. दगडात दुसऱ्या गिअरवर क्लच न दाबता चढते. एक्सपल्सला १७ च्या आसपास, आणि तोही साडेसहा हजार आरपीएमला. क्लच घासत बसावं लागतं.

फेसाळ_इंजिन
आणि चिखलात आडवी पडली की १९९ किलो कोण उचलणार? राजमाचीच्या वाटेवर एकट्याने? हौशी माणूस पडणार, हे धरूनच गाडी निवडायची असते. ४० किलोंचा फरक शोरूममध्ये कळत नाही.

थंपर_४११
उचलायची एक पद्धत असते. गाडी ज्या बाजूला पडली तिकडे हँडल पूर्ण वळवायचं, गाडीकडे पाठ करून खाली बसायचं, एक हात हँडलच्या टोकाला, दुसरा मागच्या फ्रेमला, आणि पायाच्या जोरावर मागे चालत जायचं. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवायचा, नाहीतर पलीकडे जाईल. वजनाचा बाऊ उगाच.

घाटमाथा
पद्धत बरोबर आहे, पण तिसऱ्यांदा पडल्यावर ती कोणाला आठवत नाही. नवशिक्याला हलकी गाडीच.

उंचीचं सांगतो. ८२५ चा आकडा रिकाम्या गाडीचा असतो. माणूस बसला की सस्पेन्शन दबतं. एक्सपल्सच्या मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंग किती दाबून ठेवायची ते) सगळ्यात मऊवर आणा, मग बसून बघा. दोन्ही टाचा टेकायलाच हव्यात असं काही नाही. सीटवरून थोडं एका बाजूला सरकून एक पाय पूर्ण टेकला की पुरे. तरी जमत नसेल तर कुशनवाल्याकडून पुढच्या भागातला फोम इंचभर कापून घ्या. लोअरिंग लिंक (गाडी खाली बसवायची पट्टी) मात्र लावू नका. क्लिअरन्स जातो, आणि साइड स्टँड लांब पडल्यामुळे गाडी उभीच राहत नाही.

आणि एक्सपल्सची 'प्रो' घेऊ नका. तिची सीट ८९१ मिमी आहे.

गावठी_गिअर
उगाच दोन लाख घालवताय. राजमाचीच्या उधेवाडीतली माणसं पोती लादून साध्या शंभर सीसीच्या गाडीवर जातात. स्प्लेंडरला १८ इंची चाकं आहेतच. मागे बटणाचा टायर चढवा, मागच्या स्प्रॉकेटला दोन दात वाढवा, पायाखालची रॉड सरळ असेल तर झालं. पार्ट कुठल्याही गावात मिळतो. यापेक्षा कमी मेंटेनन्स काय असतो?

फेसाळ_इंजिन
त्यांना तिथे जावंच लागतं आणि प्रत्येक दगड पाठ असतो. १६५ मिमी क्लिअरन्स आणि इंजिनखाली प्लेट नाही. ड्रेन बोल्ट दगडावर आपटला की तेल रस्त्यावर आणि तुम्ही टेम्पोत.

नाका_कामगार
येऊर विसरा. तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो. डांबरी रस्ता सोडून जंगलात गाडी घातली तर वनखातं दंड करेल, आणि बरोबरच आहे ते. राजमाचीला लोणावळ्याहून, तुंगार्ली धरणाकडून जायचं. कर्जतकडची कोंदिवड्याची वाट पायी चढायची आहे, नकाशा बघून तिकडे गाडी घालू नका. एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा जुन्या हायवेने पनवेल, खोपोली, बोरघाट. पावसाळ्यात धबधब्यांच्या परिसरात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात, निघायच्या आधी तपासा. मुरबाडकडे बैलगाडीचे रस्ते छान आहेत. फक्त भाताच्या बांधावर चाक घालू नका, बांध फुटला की अख्खं खाचर रिकामं होतं.

दोन_पायडल
सायकल बांधावरून उचलून नेता येते.

कच्चा_रस्ता
वाद नंतर घाला हो. मेंटेनन्सचं कोणीच बोलत नाहीये. पार्किंग उघड्यावर आहे, सोसायटीत पाण्याचा नळ वापरू देत नाहीत.

घाटमाथा
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. खर्च मॉडेलवर कमी आणि यावर जास्त ठरतो.

उघड्यावर उभी तारांची गाडी म्हणजे मुंबईच्या दमट हवेत आधी तारांचे निपल (तार आवळायचे नट) गंजणार. गंजले की तार आवळता येत नाही, फिरवायला गेलं की तुटते. महिन्यातून एकदा पातळ तेलाचा हात लावलेलं फडकं तारांवरून फिरवा. डिस्कला तो हात लागू देऊ नका, पॅडने तेल पिलं की ब्रेक गेलाच म्हणून समजा. कव्हर गाडी कोरडी असतानाच घाला. ओल्या गाडीवर प्लास्टिक टाकणं हे न टाकण्यापेक्षा वाईट.

तारा तपासायची युक्ती: चाक वर उचलून हळू फिरवा आणि प्रत्येक तारेवर छोट्या स्क्रूड्रायव्हरने टिचकी मारा. आवळलेली तार टण्ण वाजते, सैल तार थप्प. पहिल्या हजार किलोमीटरमध्ये तारा बसतात, तेव्हा एकदा ट्रुइंगवाल्याकडून चाक सरळ करून घ्यायचंच.

एअर फिल्टर: मुरबाडची लाल धूळ खाल्ली की कंपनीच्या वेळापत्रकाची वाट बघायची नाही. इंजिन ऑइल दर तीन हजार किलोमीटरला. चिखल सुकायच्या आत बादलीच्या पाण्याने धुवा, खोपोलीच्या बाजूला कुठल्याही वॉशिंग सेंटरला थांबता येतं. पण प्रेशरचा पाइप चाकाच्या बेअरिंगवर, हँडलच्या कोनसेटवर (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) आणि ऑइल कूलरच्या जाळीवर मारू देऊ नका. ग्रीस धुऊन निघतं, बेअरिंग काही महिन्यांनी घरघरतं, आणि मग लोक गाडीला नावं ठेवतात.

चेन_चकाचक
चेन राहिली. पेट्रोलने धुऊ नका, चेनमधल्या रबरी ओ-रिंग फुगतात. रॉकेल आता मुंबईत मिळणं कठीण. डिझेल चालतं, किंवा रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन. नंतर ९० नंबरचं गिअर ऑइल, ब्रशने आतल्या बाजूला, रात्रभर मुरू द्या, सकाळी जादाचं पुसा. स्प्रेवर पैसे घालवायची गरज नाही.

फेसाळ_इंजिन
गिअर ऑइल धुळीत? सगळी माती चिकटून ग्राइंडिंग पेस्ट होते. कोरडा स्प्रे लावा.

चेन_चकाचक
"जादाचं पुसा" हे वाचलंत का?

नाका_कामगार
पंक्चरचं कोणी सांगितलं नाही. ट्यूबवाले टायर आहेत आणि २१ इंची ट्यूब गावात मिळत नाही. सोबत एक २१ ची ट्यूब ठेवा. अडचणीत तीच मागच्या १८ मध्येही बसते, घडी पडू न देता, हळू घरापर्यंत. तीन टायर लिव्हर, पॅच, हातपंप, व्हॉल्व्ह काढायची टोपी. हवा कच्च्यावर २० पीएसआयच्या खाली नेऊ नका. दगडावर टायर दबून ट्यूबला सापाच्या दातासारखी दोन भोकं पडतात. परत डांबरावर आलात की हवा भरा.

कच्चा_रस्ता
बरं, म्हणजे एक्सपल्स. मिसेस मागे बसतील, त्यांना चालेल ना सीट?

घाटमाथा
मिसेस!! हे आत्ता सांगताय?

थंपर_४११
मी काय म्हणत होतो.

घाटमाथा
थांबा. मागे माणूस असेल तर राजमाची, दगडगोटे हे सगळं बाद. मुरमाचे रस्ते आणि हायवेच उरतो. मग सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्सही बघा. अडीचशे सीसी, ऑइल कूल्ड, पुढे १९ इंची अलॉय, ट्यूबलेस. पंक्चर झालं तर पट्टी खुपसली की काम झालं, तारांची भानगड नाही. उघड्या पार्किंगला हाच मोठा फायदा. तोटे: क्लिअरन्स २०५, सीट ८३५ म्हणजे तुमच्यासाठी आणखी उंच, दगडावर अलॉय वाकला तर तारेसारखा सरळ करता येत नाही, आणि बजेट ताणावं लागेल. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे जुन्या व्हिडिओंतल्या किमती धरू नका, कोटेशन नवं घ्या.

पण किती रविवार दोघं आणि किती एकटे, हे घरी विचारा. चारातले तीन एकटे असाल तर एक्सपल्सच, मागचा प्रीलोड त्या दिवसापुरता कडक करायचा.

फेसाळ_इंजिन
+१. शक्य असेल तर जुनी घ्या, पहिले ओरखडे दुसऱ्याच्या खिशातून.

नाका_कामगार
जुनी बघायला जाताना मालकाला आधी सुरू करू नका म्हणून सांगा. पोचलात की इंजिनला हात लावून थंड आहे का बघा. मागच्या स्प्रॉकेटच्या पाठीमागून चेन बोटाने ओढा, अर्धा दात दिसला तर चेनसेट संपलेला. पुढच्या फोर्कची नळी पांढऱ्या फडक्याने पुसा, तेलाचा डाग आला तर सील गेलंय. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा, मधोमध खटकलं तर कोनसेट. इंजिनखालची प्लेट वाकलेली असली तर हरकत नाही, तिच्या वरचं केसिंग बघा. कर्जाची गाडी असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे नाहीत. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९, ३० वर सही त्याच दिवशी.

कच्चा_रस्ता
घरी विचारलं. त्या म्हणाल्या, एकटेच जा. शनिवारी एक्सपल्सची सीट बघून येतो, मऊ प्रीलोड करून दाखवायला सांगेन. जुनी पण चालेल. ठाणे पासिंगची कोणाला माहीत असेल तर सांगा.

दोन_पायडल
माझ्याकडे २७.५ चाकांची एक एमटीबी आहे, ठाण्यातच. फोर्क आत्ताच सर्व्हिस केलाय.

रविवारचा_राजू
धागा छान चाललाय. माझी पल्सर २२० आहे, तिला ऑफरोड टायर बसतील का? लवकर सांगा.