४ जीबी रॅम, लिनक्स आणि फोटो: आपापले अनुभव लिहा

माझा लॅपटॉप २०१३चा, आय-थ्री, ४ जीबी रॅम. ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०चे अपडेट थांबले आणि ११ काही या डब्यावर चढेना, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकली, तिचं एक्सएफसीई हे हलकं रूप. मेल, बँक, यूट्यूब झकास. पण कॅमेऱ्यातली रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद) डार्कटेबल या रॉ फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये उघडली की माउसचा बाण गोठतो, हार्ड डिस्क कुरकुरायला लागते आणि मी चहा टाकायला उठते. असल्या मशिनवर फोटोचं काम कोण कोण करतंय? काय चाललं, काय नाही, सगळं लिहा. "नवा घे" हा सल्ला घरात मिळतोच आहे, तो नको.

स्टुडिओवाला, तालुक्याचं गाव
पासपोर्ट फोटोचं गिऱ्हाईक थांबत नाही. कोअर टू ड्युओ, ४ जीबी, आणि दिवसाला पंचवीस-तीस चेहरे. गिंप या फोटो एडिटरमध्ये फक्त चेहरा कापतो आणि उजेड सारखा करतो. ३५ बाय ४५ मिलिमीटर, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ४१३ बाय ५३१ पिक्सेल. पुढे ४ बाय ६ इंचाच्या कागदावर आठ फोटो बसवायचं काम इमेजमॅजिककडे, हा प्रोग्रॅम कमांड दिली की चित्रं आपोआप जुळवतो. भाच्याने एक ओळीची कमांड लिहून दिलीय, ती डेस्कटॉपवर चिकटवलीय. आधी तेच काम हाताने करायचो, एकेक फोटो सरकवत. गिऱ्हाईक खुर्चीतून उठून केस विंचरेपर्यंत आता प्रिंट बाहेर येते.

कोथरूड
ताई, तुमचा प्रोसेसर बिचारा निर्दोष आहे. हिशोब बघा. २४ मेगापिक्सेलचा फोटो डिस्कवर आठ-दहा एमबीचा जेपीजी दिसतो. उघडला की दाबलेलं सगळं मोकळं होतं. गिंपमध्ये साध्या ८ बिटला एका लेयरचे (चित्राच्या एका थराचे) ७२ एमबी. डार्कटेबल प्रत्येक पिक्सेलला चार आकडे धरतं, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे एका पूर्ण प्रतीला ३८४ एमबी, आणि काम चालू असताना अशा दोन-तीन प्रती लागतात. त्यात ब्राउझरचे वीस टॅब उघडे. रॅम भरली की लिनक्स त्यातला माल डिस्कवर हलवतं, यालाच स्वॅप म्हणतात. तुम्हाला ऐकू येते ती कुरकुर तीच.

मी केलं ते असं: हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क (सगळ्यात मोठा फरक यानेच), झेडरॅम (रॅममधलाच माल दाबून जागा करणं) चालू, डार्कटेबलच्या प्रेफरन्सेसमध्ये रिसोर्सेस 'स्मॉल', आणि काम करताना ब्राउझर बंद. शेवटचं सगळ्यात अवघड.

निवृत्त शिक्षक, सातारा
घरातले जुने फोटो स्कॅन करतो आहे. पहिल्या उत्साहात पोस्टकार्डाएवढे फोटो १२०० डीपीआयला टिफमध्ये घेतले. एकेक फाइल शंभर एमबीच्या वर! गिंपमध्ये डाग पुसायला हील टूल लावलं की ब्रश हातामागून रांगत यायचा. नातवाने विचारलं, "आजोबा, याचं होर्डिंग करायचंय का?" ६०० केलं, फाइल पाव झाली, ब्रश सुटला. आईच्या लग्नातल्या फोटोत नाकावर बुरशीचा ठिपका होता. तो काढताना नथीचा एक मोती पण गेला. तीन वेळा मागे जाऊन पुन्हा केलं. अनडूची पायरी कमी ठेवा म्हणतात मेमरीसाठी. मी नाही ठेवणार.

लग्नाचे फोटो काढणारा
मी उलटं सांगतो, राग मानू नका. दीड वर्ष लिनक्सवर काढलं आणि परत गेलो. अल्बमचा प्रेसवाला पीएसडी (फोटोशॉपची फाइल) पाठवतो. माझ्या गिंप २.१०मध्ये ती उघडायची, पण नावांचे लेयर चित्र होऊन यायचे. नवरीच्या नावातला काना दुरुस्त करायचा तर सगळं नव्याने टाइप. मशिनला दोष नाही, धंद्याची साखळीच दुसऱ्या सॉफ्टवेअरची आहे. रॉ मात्र अजून रॉथेरपी या फुकट प्रोग्रॅममध्ये बघतो.

वरच्या दादांना
पीएसडीचं पटलं. पण मराठी मजकुरात गिंपने मला कधी दगा दिला नाही. युनिकोड फॉन्ट टाका, 'श्री' आणि 'र्‍या' जसेच्या तसे उमटतात. जुन्या फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं फुटायची म्हणून आम्ही वाढदिवसाच्या फ्लेक्सचा मजकूर दुसरीकडे करून चित्र म्हणून चिकटवायचो.

रॉ फोटोंच्या ढिगाऱ्यातून
निवड डार्कटेबलमध्ये करूच नका. गीकी या फोटो बघायच्या प्रोग्रॅममध्ये बघा, ते रॉ फाइलमधला तयार जेपीजी दाखवतं, लगेच. चारशेतले वीस निवडा आणि तेवढेच उघडा.

धागाकर्ती
गीकीने आजच जीव वाचवला, आभार. एसएसडी मागवायची म्हणून मागचं झाकण उघडलं, तर रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा! इतकी वर्षं तो तसाच होता आणि मी या डब्याला म्हातारा म्हणत होते. शनिवारी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जातेय. आतल्या रॅमच्या पट्टीच्या स्टिकरवर पीसी३एल लिहिलंय, म्हणजे १.३५ व्होल्टवाली मागायची ना, कोथरूडकर?