फुटपाथ होईल हो, पण तोवर दुकान टिकायला नको?

गल्ल्यावरून:
आधीच सांगतो, मी चालणाऱ्यांच्या विरोधात नाही. माझं अर्धं गिऱ्हाईक चालतच येतं. पण आमच्या पुण्यातल्या कोथरूडच्या रस्त्यावर फुटपाथ आणि सायकल ट्रॅकची खोदाई सुरू झाली ऐन मे महिन्यात. माझं दुकान वह्या-दप्तरांचं, वर्षाची कमाई जूनच्या तीन आठवड्यांत. दारासमोर चर आणि त्यावर एक फळी. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी एक आजी नातवाचा हात धरून फळीपर्यंत आल्या, पायानं दाबून बघितली आणि परत फिरल्या. मी गल्ल्यावर बसून बघत होतो. पत्र्यावर पाटी: ‘काम प्रगतिपथावर’. कधी संपणार, त्याचा पत्ता नाही. भाडं मात्र एक तारखेला द्यायचंच. आणि एवढं करून ट्रॅक जातो कुठे? पुढच्या चौकात विजेच्या डीपी बॉक्सपाशी संपतो.

पेडलपंत:
काका, जूनचं वाईट वाटलं. पण जंगली महाराज रस्त्याचं काम २०१६-१७ मध्ये निघालं तेव्हाही ‘धंदा बसणार’ हीच ओरड होती. आज संध्याकाळी तिथल्या बाकावर जागा मिळवून दाखवा! लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन असतो, गाड्या बंद. माणसं रस्त्याच्या मधून रमतगमत जातात, काचेतला माल बघतात. गाडीवरून भुर्रकन जाणारा काय बघणार? आणि एक विचारू? दारातली जागा सकाळपासून कोण अडवतं? बहुतेक दुकानदाराचीच ॲक्टिव्हा असते.

बस्तेवाली:
पंत, बाकावर बसणारे आइस्क्रीम घेतात, शालू नाही. माझ्याकडे लग्नाचा बस्ता बांधायला बारामतीहून दहा माणसं जीपनं येतात. त्यांनी गाडी कुठे लावायची, संभाजी बागेत? कॅफेवाल्याचं भलं झालं म्हणजे अख्ख्या रस्त्याचं झालं असं नसतं. साड्या, भांडी, फर्निचर, आमचं गणित वेगळं आहे. वर्षातून एक दिवस गाड्या बंद, तो उत्सव झाला. बाकीच्या दिवसांचं बोला.

चेंबरातला:
मी ठेकेदाराकडे साइटवर असायचो, म्हणून आतली गोष्ट सांगतो. फरशा बसवायला वेळ लागत नाही, वेळ जातो तो खाली काय पुरलंय ते शोधण्यात. नकाशात पाण्याची लाइन कडेला, खोदल्यावर बरोबर मधोमध. तिच्यावर विजेची केबल, मग कुणाची तरी इंटरनेटची. प्रत्येकाचा साहेब वेगळा आणि तो सोमवारी येतो. उपाय सगळ्यांना माहीत आहेत. आधी जागोजागी चाचणीचे खड्डे घ्यायचे, केबलींसाठी डक्ट, म्हणजे मोठे पाइप, टाकायचे आणि शंभर-शंभर मीटरचे तुकडे करायचे. पहिला पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. पण काम पुरं व्हायच्या आधीच नुसत्या खोदाईचंही मोजमाप होऊन बिल निघतं. मग ठेकेदार आधी सगळा रस्ता उकरून ठेवणार नाही तर काय!

टेकडीकर:
डीपी बॉक्सवर कुणीच बोललं नाही, खरं दुखणं तिथेच आहे. वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला येणारे कितीतरी जण पायथ्यापर्यंत गाडीनं येतात. चालायला जायचं म्हणून गाडी काढायची! कारण घरापासून टेकडीपर्यंत सलग चालता येईल असा रस्ताच नाही. बालभारती ते पौड फाटा रस्ता टेकडीवरून काढायचा घोळ इतकी वर्षं चाललाय. त्यापेक्षा तुटलेले फुटपाथ एकमेकांना जोडा ना. मधले दोनशे मीटर गायब असतील तर आधीच्या दोन किलोमीटरवर कोण सायकल घालणार? आणि ट्रॅक ओस पडला की हेच दुकानदार म्हणणार, बघा, कुणी वापरत नाही.

गल्ल्यावरून:
ॲक्टिव्हा माझीच, कबूल. उद्यापासून मागच्या बोळात लावतो. पण चेंबरातल्या साहेबांनी सांगितलं तेवढंच मी मागतोय. शंभर मीटरचा तुकडा, पाटीवर तारीख आणि फळीऐवजी कठडा असलेला लोखंडी साकव. आणि तारीख हुकली तर दुकानदाराला काहीतरी भरपाई.

पेडलपंत:
साकवाला माझा पूर्ण पाठिंबा, भरपाईला मात्र नाही. ते पैसे आमच्या करातून जाणार. फुटपाथ झाला की त्या दुकानांचा भाव वाढतो, तेव्हा तुम्ही महापालिकेला काही परत देणार आहात का?

बस्तेवाली:
भाव वाढतो तो मालकाचा हो. इथे भाडेकरू किती आहेत, मोजलेत कधी?

गल्ल्यावरून:
ताई, माझ्या मनातलं बोललात. माझा करार ऑक्टोबरात संपतो. काल मालक सहज चक्कर मारून गेले. पलीकडच्या बाजूला फरशा बसल्यात, त्या बुटानं ठोकून बघितल्या आणि म्हणाले, “झकास होतोय रस्ता. पुढच्या करारात जरा बघू या आपण.”