‘मॅनेज करावे’ म्हणजे नक्की काय करावे?

सेक्रेटरी (ए-१०२): सर्व सभासदांना कळवण्यात येते की उद्या गुरुवारी दिवसभर महापालिकेचे पाणी येणार नाही. शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने येईल. सर्वांनी मॅनेज करावे, ही विनंती.

बी-४०३: ओके.

सी-१०४ ताई: बाई, याच शब्दावरून आज मुलाचा मार्क गेला. दहावीची सराव परीक्षा. ‘धावत जाऊन शेवटी बस पकडली’ याचं त्याने ‘आय कुड कॅच द बस’ केलं. मॅडमनी खोडून ‘मॅनेज्ड टू कॅच’ लिहिलंय. ‘कुड’ का नाही?

बाई (बी-३०२): खोडलं ते बरोबर आहे. ‘लहानपणी मला पोहता यायचं’ इथे ‘कुड’ चालतं, कारण ती अंगातली क्षमता झाली. एकदाच घडलेली आणि नेटाने तडीस नेलेली गोष्ट सांगताना ‘मॅनेज्ड टू’ किंवा ‘वॉज एबल टू’ लागतं. नकार असेल तर ‘कुडन्ट’ दोन्हीकडे चालेल. आणि ‘मॅनेज’पुढे क्रियापद आलं की ‘टू’ हवाच, ‘मॅनेज्ड कॅचिंग’ कधीच नाही.

बाई (बी-३०२): मराठीत आपण काय म्हणू? ‘बस पकडलीच.’ इंग्रजीला ज्यासाठी अख्खं क्रियापद लागतं, ते आपला एक ‘च’ करतो. त्याला हे दाखवा, मग विसरणार नाही.

सी-१०४ ताई: हे छान आहे! अजून एखादं उदाहरण द्याल?

बाई (बी-३०२): पुण्याचंच देते. जुलै १९६१. पानशेतचं धरण खचायला लागलं होतं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते तगवलं. १२ तारखेला सकाळी ते फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि गावात पाणी शिरलं ते दिवसाउजेडी. रात्री शिरलं असतं तर माणसं झोपेतच गेली असती. ‘दे मॅनेज्ड टू होल्ड इट टिल मॉर्निंग.’ इथे ‘कुड’ लिहिलंत तर त्या जवानांची रात्रच वाक्यातून पुसली जाते.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. पूर ओसरला आणि नळ कोरडे पडले, कारण खडकवासलाच राहिलं नव्हतं. वाड्यातल्या आडावर घागरींची रांग. आम्ही घरात आठ माणसं. आई तांदूळ धुतलेलं पाणी पातेल्यात धरायची, त्यात भांडी विसळायची, तेच पुढे मोरीला. ‘भागवणं’ म्हणजे काय ते मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

बी-२०१: बाई, ऑफिसात मी दिवसातून पन्नासदा ‘मॅनेज’ म्हणतो. टीम मॅनेज करतो, वेळ मॅनेज करतो. ‘व्यवस्थापन करतो’ असं तोंडी कोण म्हणणार?

बाई (बी-३०२): नकाच म्हणू. ‘व्यवस्थापन’ हा कागदावरचा शब्द आहे, तिथे तो चांगला शोभतो. आपल्या सोसायटीच्या पाटीवर ‘व्यवस्थापक समिती’ आहेच. बोलताना मात्र टीम सांभाळा, वेळ काढा, घर चालवा, पसारा आवरा, जबाबदारी पेला. पैसे कमी असतील तर भागवा. प्रसंग अवघड असेल तर निभावून न्या. प्रत्येक शब्दात कष्टाची जात वेगळी आहे हो. आवरताना हात चालतात, पेलताना खांदा लागतो, भागवताना मन मारावं लागतं. सगळीकडे ‘मॅनेज’ म्हटलं की कोणी काय सोसलं ते ऐकणाऱ्याला कळतच नाही.

ए-३०१ काका: आमच्या साताऱ्याकडं बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात. आमची आई वडिलांना शेवटपर्यंत ‘अवो कारभारी’ म्हणायची. म्हणजे मॅनेजरच की!

बाई (बी-३०२): अगदी तोच अर्थ, काका. पुण्याने तर मोठे कारभारी पाहिलेत. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. पुढच्या वर्षी सवाई माधवराव जन्मले, आणि तान्ह्या पेशव्याच्या नावाने राज्य चालवलं ते नाना फडणीस, सखारामबापू अशा कारभाऱ्यांनी. बारभाई म्हणतो ते हेच. आणि कारभार आपण ‘हाकतो’, हेही लक्षात घ्या.

बी-२०१: हाकतो म्हणजे बैल हाकतो तसा?

बाई (बी-३०२): हो, आणि इंग्रजी शब्दही जनावरापासूनच निघालाय. इटालियनमध्ये ‘मानेज्जारे’ म्हणजे हाताळणे, विशेषतः घोडा हाताळून तयार करणे. त्यात ‘मानो’ म्हणजे हात, लॅटिन ‘मानुस’. सोळाव्या शतकात तो इंग्रजीत आला तेव्हा घोड्यालाच लावायचे. माणसं, पैसा, कारखाने मागाहून आले. त्यांनी हातापासून मॅनेज केला, आपण हातापासून हाताळणे केलं. शिकवायचे तेव्हा हे फळ्यावर लिहिताना मला दरवेळी आनंद व्हायचा, अजून होतो.

डी-१०१: पण बाई, मराठीत ‘मॅनेज झाला’ म्हणजे वेगळंच. मागे आमच्या जुन्या सोसायटीत रंगकामाचं टेंडर ‘मॅनेज’ झालं होतं. सहा महिन्यांत पोपडे पडले.

बाई (बी-३०२): तो अर्थ आपण लावलाय, आणि तो मला खुपतो. ‘पैसे खाल्ले’, ‘फितला’, ‘हाताशी धरला’ असे स्वच्छ शब्द असताना ‘मॅनेज झाला’ म्हटलं की गुन्हा हुशारीसारखा वाटायला लागतो. पोरांसमोर तरी पैसे खाल्ले असंच म्हणा.

ए-३०१ काका: शंभर टक्के.

बाई (बी-३०२): आता सेक्रेटरीसाहेब, राग मानू नका. तुम्ही सगळ्यांसाठी धावपळ करता हे मला ठाऊक आहे. पण ‘मॅनेज करावे’ वाचून मला कळलं नाही की भरून ठेवायचं, जपून वापरायचं, की एकमेकांना द्यायचं. चौथ्या मजल्यावर आजी एकट्या असतात, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झालाय. त्यांनी हे वाचून काय करायचं?

बी-४०३: मी त्यांच्या समोरच राहते. माझ्या लक्षातच आलं नाही, नुसतं ओके लिहून मोकळी झाले.

सेक्रेटरी (ए-१०२): बाई, राग कसला. आधीची सूचना रद्द समजावी. सुधारित खालीलप्रमाणे.
वरची टाकी आज रात्री ९ पर्यंत भरून घेत आहोत. पिण्याचे पाणी आजच भरून ठेवावे. उद्या सकाळी ६ ते ८ आणि संध्याकाळी ६ ते ७ एवढाच वेळ वापराचे पाणी सोडू. गाड्या व जिने धुऊ नयेत. टँकर सांगितला आहे, दुपारी येईल. ज्यांना पाणी वर नेणे जमणार नाही त्यांनी मला किंवा वॉचमनला फोन करावा, आम्ही पोचवू.

बी-४०३: आजींकडे जाऊन आले. दोन कळश्या आणि पिण्याचा हंडा भरून ओट्यावर ठेवलाय, वाकायला लागू नये म्हणून. उद्या सकाळी सहाला बादल्या मी भरते.

सी-१०४ ताई: बाई, मुलगा विचारतोय, ‘तगवणे’ला इंग्रजीत अजून काय म्हणतात? जेवण झालं की वर पाठवू का त्याला?

बाई (बी-३०२): पाठव. वही घेऊन ये म्हणावं.