रात्री उशिराचा शावरमा: आतला तुकडा ओलसर लागला, कच्चा असेल का?

निशाचर_प्राणी

माझी पाळी रात्री बाराला सुटते. घरी जाताना वाटेत एक छोटं रेस्टॉरंट लागतं, त्या वेळी उघडं असलेलं तेवढंच. इतके दिवस नुसता वास घेऊन पुढे जायचो, काल थांबलोच. खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवल्या होत्या, एक पोरगा फरशी पुसत होता, पण काउंटरवर शावरमा चालू होता. चालू म्हणजे मांस खोचलेली उभी सळई आचेसमोर फिरत होती. मांस मनगटाएवढंच उरलेलं.

चिकनचा एक रोल सांगितला. काउंटरवरच्याने लांब सुरीने वरून खाली सपासप काप काढले, खालच्या ताटात आधीपासून साचलेला चुराही त्यात ओढला, खुबूसवर (ती पातळ अरबी रोटी) बाटलीतून मेयॉनीजची नागमोडी रेघ मारली, वर कोबी, काकडीचं लोणचं, थोडे फ्राईज. गुंडाळलं, ग्रिलमध्ये दाबलं, खालचा अर्धा भाग कागदात. हूं की चूं न करता सगळा कारभार उरकला.

चवीला झकास होता, उगाच नावं ठेवत नाही. खुबूस बाहेरून कुरकुरीत, लसणाचा झणका, कडेचे तुकडे खारट-करपट. पण निम्म्यावर आल्यावर एक घास वेगळाच लागला. पांढरा, ओलसर, कोमट, दाताखाली घसरणारा. रस्त्यावरच्या दिव्याखाली रोल उघडून पाहिला, पण त्या उजेडात चिकन काय आणि कोबी काय, सगळं पिवळंच. उरलेला खाल्ला. (हो, खाल्ला. भूक लागली होती.)

आज दुपारपर्यंत पोट शांत आहे. तरी विचारतो: तुकडा कच्चा आहे हे खाणाऱ्याला कसं कळावं? आणि दुकान बंद व्हायच्या वेळेला शावरमा खावा की नाही? मित्र म्हणतो, दिवसभर आचेवर मुरलेला असतो, रात्रीचाच भारी. बायको म्हणते, दिवसभर उघडा टांगलेला असतो, रात्रीचाच वाईट. दोघंही छातीठोकपणे सांगतात.

---

पोटोबा७७

रात्री एक वाजता माणूस पौष्टिक खायला बाहेर पडतो का? पोट शांत आहे ना, मग विषय संपला. ठिकाण व्यक्तिगत निरोपातून कळवा.

---

सळईवाला

निशाचर, तुमचं वर्णन वाचून हात शिवशिवले. मी काही वर्षं अशाच एका सळईमागे उभा होतो. आता दुसऱ्या धंद्यात आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

पांढरा आणि ओलसर एवढ्यावरून कच्चा ठरत नाही. छातीचं मांस शिजूनही पांढरंच असतं, आणि मांडीचं पूर्ण शिजलं तरी कधीकधी हाडाकडचा भाग गुलाबीसर राहतो. रंग सोडा, रेषे बघा. शिजलेल्या चिकनचे रेषे सुटतात, चिमटीत धरून ओढलं की फाटतं. कच्चं असेल तर किंचित पारदर्शक दिसतं, चकचकतं, आणि फाटायच्या ऐवजी ताणतं. ‘दाताखाली घसरणारा’ म्हणालात ते मला फारसं आवडलं नाही, पण त्याचं दुसरं कारणही असू शकतं, त्यावर येतो.

सळई भरताना दही, लिंबू किंवा व्हिनेगर, लसूण, मिरी, वेलची, दालचिनी असं लावून ठेवलेले मांसाचे रुंद तुकडे एकावर एक खोचतात. मध्ये मध्ये चरबी किंवा कातडी. सगळ्यात वर चरबीचा गोळा, म्हणजे ती वितळून खालपर्यंत झिरपते. आच लागते ती फक्त बाहेरून, पाठीमागच्या उभ्या बर्नरची. त्यामुळे केव्हाही पाहा, शिजलेला असतो तो बाहेरचा पातळ थर. त्याच्या आत अर्धकच्चं, आणि भरलेल्या सळईच्या गाभ्यात चक्क कच्चं. यात लपवण्यासारखं काही नाही, पदार्थच तसा आहे. शिजलं तेवढंच पातळ काढायचं आणि खालच्या थराला वेळ द्यायचा, सगळं कसब एवढ्यातच.

हे बिघडतं कधी? एक, गर्दीत. समोर दहा माणसं ताटकळतायत, बाहेरचा थर संपलाय, आतला अजून झालेला नाही. मग आच वाढवतात, वरून करपतं, आतून कच्चं, आणि सुरी खोल जाते. म्हणून शनिवारी रात्री नऊच्या झुंबडीला मी जास्त घाबरतो, तुमच्या साडेबाराला नाही. सळई मनगटाएवढी उरते तोवर गाभाही बहुतेक शिजून गेलेला असतो. उलट तेव्हा तक्रार येते ती कोरडं लागतंय अशी.

दोन, आच कमी केल्यावर. गिऱ्हाईक थंडावलं की गॅस वाचवायला एक-दोन बर्नर बंद करतात. मांस बारीक होत जातं तसतसं ते आचेपासून लांबही पडतं. सळई बर्नरकडे सरकवायची सोय बऱ्याच मशीनला असते, सरकवायचा कंटाळा माणसाला असतो. मग ती नुसती फिरत राहते, कोमट. अगदी तळाच्या तबकडीजवळ तर आच नेहमीच कमी पोचते.

पण माझा संशय ताटावर आहे. कापलेला चुरा खाली पडतो, वरून रस आणि चरबी ठिबकत राहते, आणि शिजलेलं चिकनही त्यात भिजून तुम्ही लिहिलंत तसंच होतं: पांढरट, लिबलिबीत, कोमट. म्हणजे तुकडा कच्चा नसेलही. प्रश्न हा की तो ताटात किती वेळ पडून होता.

चांगल्या ठिकाणी काप काढले की तापलेल्या तव्यावर टाकून, परतून मगच भरतात. तवा असेल तर बिनधास्त सांगा, परतून द्या म्हणून. आणि गप्पांच्या ओघात विचारा, उरलं तर काय करता? मित्र आणि बायको दोघांच्या भांडणाचा निकाल तिथे लागतो. आजची सळई आजच संपवत असतील तर रात्रीच्या शेवटच्या रोलला माझी ना नाही. अख्खी सळई फ्रीजमध्ये ढकलून उद्या पुन्हा लावत असतील तर मी तिथे दुपारी बारालाही खाणार नाही. तो जाड गोळा आतपर्यंत गार व्हायला तासन् तास लागतात. उरलेलं सगळं कापून, नीट शिजवून, पसरट भांड्यात पातळ थर करून गार केलं तर गोष्ट वेगळी. पण रात्री एकला ते करायचा उत्साह कुणाला असतो ते मला माहीत आहे.

---

सूक्ष्मदर्शिका

सळईवाले दादा, प्रतिसाद वाचनखूण करून ठेवलाय. मी अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून थोडी भर.

साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जिवाणूंच्या सुखाचा पट्टा, आणि ताटातलं कोमट चिकन बरोब्बर त्यातच बसतं. चिकन आतून ७४ अंशांपर्यंत गेलं की साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर हे पोट बिघडवणारे जिवाणू मरतात, त्यामुळे तव्यावर परतणं हा उत्तम उपाय. पण सर्वरोगहर नाही. हाताळणीतून येणारा स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू वाढून त्याने विष तयार केलं असेल, तर ते विष परतून जात नाही.

आणि निशाचर, ‘दुपारपर्यंत पोट शांत’ यावर फार विसंबू नका. स्टॅफिलोकॉकसचा त्रास अर्ध्या तासापासून आठ तासांत दिसतो, ती वेळ टळली. साल्मोनेलाला सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत लागू शकतात, कॅम्पिलोबॅक्टर सहसा दोन ते पाच दिवस घेतो. घाबरवत नाही, बहुधा काहीच होणार नाही. पण परवा पोट बिघडलं तर परवाच्या उपम्याला दोष देऊ नका. जुलाबात रक्त, चढा ताप किंवा पाणीही पोटात टिकत नसेल तर सरळ डॉक्टर गाठा.

सगळे चिकनच्या मागे लागलेत, माझा डोळा त्या मेयॉनीजच्या बाटलीवर आहे. कच्च्या अंड्याचं असेल आणि संध्याकाळपासून काउंटरवर उभं असेल, तर चिकन कितीही शिजवा. केरळने २०२३ च्या जानेवारीत कच्च्या अंड्याच्या मेयॉनीजवर बंदी आणली, तेलंगणने २०२४ मध्ये, तमिळनाडूने २०२५ मध्ये. शावरम्याच्या काउंटरवरची मेयॉनीजची बाटली फ्रीजमधून निघताना दिसते का ते बघा.

---

तूमभक्त

मेयॉनीजचा विषय निघालाच आहे तर माझी जुनी चिडचिड. चिकन शावरम्यात घालायचं ते तूम: लसूण, मीठ, लिंबू आणि धार धरून घोटलेलं तेल, बस. अंड्याचा पत्ता नाही, तरी फेटून पांढरंशुभ्र होतं. (तेही फ्रीजमध्येच ठेवायचं, कच्चा लसूण तेलात आहे.) बोकड किंवा बीफ असेल तर ताहिनी, म्हणजे वाटलेल्या तिळाची पेस्ट. सोबत बीट घालून गुलाबी केलेलं सलगमचं लोणचं, कारण त्या चरबीला आंबट काहीतरी लागतंच. उभी सळई एकोणिसाव्या शतकात ऑटोमन तुर्कांकडे रुळली, तिथून लेबनॉन-सीरियात शावरमा झाला, लेबनॉनचे लोक मेक्सिकोत गेले तिथे तिच्यावर डुक्कर चढून ताको अल पास्तोर (छोट्या मेक्सिकन पोळीत भरलेलं मांस) झाला. सगळ्यांनी आपापल्या परीने बदल केले, कबूल. पण मेयॉनीज आणि कोबीने रोल फुगवणं हा बदल नाही, ती काटकसर आहे.

---

पोटोबा७७

तूमभक्त, काटकसर असो वा काही, फ्राईज काढायला सांगाल तर भांडण होईल.

---

निशाचर_प्राणी

सगळ्यांचे आभार. पोट अजून ठीक आहे, सूक्ष्मदर्शिकाताईंचे सहा दिवस मोजतोय.

काल पाळी सुटल्यावर पुन्हा गेलो, यावेळी डोळे उघडे ठेवून. बर्नर तीन, त्यातला वरचा बंद. सळई आचेपासून चांगली वीतभर लांब. ‘तव्यावर परतून द्या’ म्हटलं तर काउंटरवरच्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि निमूटपणे टाकलं. चर्र आवाज झाला, कडा लाल झाल्या, आणि खरंच, चव दुप्पट झाली. ताटातलं नको म्हटलं, तेही ऐकलं. मेयॉनीजची बाटली मात्र काउंटरवरच, गरम ग्रिलला टेकून. ते वगळायला सांगितलं.

उरलेल्या सळईचं विचारलं तर म्हणाला, मालकाला विचारा. मालक गल्ल्यावर नव्हता. दादा, या उत्तराचा अर्थ काय लावायचा?

---

सळईवाला

अर्थ असा की ती उद्या परत लागते. मीही गिऱ्हाईकांना हेच उत्तर द्यायचो.

पोरगा ऐकणारा दिसतोय, त्याच्याशी दोस्ती ठेवा. नवी सळई कधी चढवतो ते त्याला विचारा, आणि सुटीच्या दिवशी त्यानंतर दोनेक तासांनी जा. पहिले थर उतरलेले असतात, आच पूर्ण असते, गर्दी व्हायची असते. पाळीवरून येताना भूक लागली तर फलाफल (वाटलेल्या छोल्यांचे वडे) घ्या, फक्त समोर तळून मागा.