साल्मोनेलाची हायब्रिडोमा लाइन: टायटर पडतोय, प्रोटीन-जीवर काहीच अडकत नाही

प्रश्न: उंदराच्या पेयर्स पॅचमधल्या (आतड्याच्या भिंतीतल्या रोगप्रतिकारक गाठींतल्या) पेशी एसपी२/० या मायलोमा (कर्करोगी) पेशींबरोबर पीईजी १५०० या रसायनाने फ्यूज करून साल्मोनेला टायफिम्युरियमविरुद्ध अँटिबॉडी बनवणारी लाइन, म्हणजे हायब्रिडोमा, मिळाली. आधी एलायझात (प्लेटवरच्या अँटिबॉडी चाचणीत) सुपरनेटंट, म्हणजे पेशींवरचं द्रव, १:६४ पातळ करेपर्यंत पॉझिटिव्ह होतं; हाच टायटर. गोठवलेली व्हायल काढून सहा पॅसेज (पेशी नव्या मीडियमवर हलवणं) झाले, तर आता १:४ लाच संपतं. पेशी मात्र जोमाने वाढताहेत. शिवाय अँटिबॉडी धरून शुद्ध करणाऱ्या प्रोटीन-जी कॉलममधून सगळी ॲक्टिव्हिटी फ्लो-थ्रूत (न अडकता बाहेर पडणाऱ्या द्रवात) निघून जाते.

उत्तर १: कॉलमचं कारण सोपं आहे. आतड्याच्या पेशींतून आलेली अँटिबॉडी बहुधा आयजीए प्रकारची असते आणि प्रोटीन-जी तिला धरत नाही. इल्यूशनमध्ये (कॉलमवर अडकलेलं सोडवताना) प्रोटीन दिसलंच, तर ते मीडियममधल्या सीरमचं, गायीचं आयजीजी (अँटिबॉडीचा दुसरा प्रकार) समजा. आधी आयसोटायपिंग करा, म्हणजे अँटिबॉडीचा प्रकार तपासा. हलकी साखळी कप्पा असेल तर प्रोटीन-एल वापरून पाहा. गायीचं आयजीजी त्याला चिकटत नाही, हा मोठा फायदा. मात्र उंदराच्या सगळ्याच कप्पा त्यावर बसत नाहीत. नाही बसली तर ५० टक्के अमोनियम सल्फेटने साका काढून जेल फिल्ट्रेशन.

टायटर पडतो तो अँटिबॉडी न बनवणाऱ्या पेशींमुळे. फ्यूज झालेल्या पेशी गुणसूत्रं गाळत राहतात. जड साखळीचं जनुक गेलेली पेशी वेगाने वाढते आणि बाकीच्यांना मागे टाकते. फ्यूज झालेल्या पेशी निवडायचं एचएटी मीडियम इथे कामाचं नाही. ते एचजीपीआरटी एन्झाइम असलेल्या पेशी निवडतं, अँटिबॉडी बनवणाऱ्या नव्हे. लगेच लिमिटिंग डायल्यूशन (एका पेशीपासून क्लोन मिळेल इतकं पातळ करणं) लावा: विहिरीमागे ०.५ पेशी, ९६ विहिरींच्या दोन-तीन प्लेट, सोबत वाढीला मदत करणाऱ्या फीडर पेशी किंवा आयएल-६ हा वाढ-घटक. चौथ्या-पाचव्या दिवशी मायक्रोस्कोपखाली बघून दोन वसाहती असलेल्या विहिरी बाद करा. वाढलेल्या सगळ्या विहिरी पॉझिटिव्ह येईपर्यंत पुन्हा क्लोन करा, आणि त्याच आठवड्यात पुरेशा व्हायल गोठवा.

उत्तर २: त्याआधी मायकोप्लाझ्माचा (कल्चरमध्ये शिरणाऱ्या सूक्ष्म जिवाणूचा) पीसीआर. मायकोप्लाझ्माने मीडियम गढूळ होत नाही, म्हणून तो लक्षातच येत नाही.

एलायझाच्या प्लेटवर लावलेले जिवाणूही तपासा. साल्मोनेलावरची प्रसिद्ध आयजीए, साल४, ओ५ प्रतिजन ओळखते, आणि ते ओ-ॲन्टिजेनवरच्या (जिवाणूच्या पृष्ठभागावरच्या शर्करा-साखळीवरच्या) ॲसिटिल गटावर अवलंबून असतं. स्ट्रेनमधलं हा गट जोडणारं oafA जनुक निकामी असेल, किंवा जिवाणूंवर अल्कलीची प्रक्रिया झाली असेल, तर अशी अँटिबॉडी बांधणारच नाही. ओ५ च्या तयार सीरमने स्लाइडवर गुठळ्या होतात का ते पाहा.

प्रश्नकर्ता: एलायझातली सेकंडरी (आपली अँटिबॉडी दाखवणारी दुसरी अँटिबॉडी) अँटी-माउस आयजीजी आहे, म्हणजे फक्त आयजीजीची गॅमा साखळी ओळखणारी.

उत्तर १: मग आयजीए तिला दिसणारच नाही, आधीचा सिग्नल कदाचित मिसळलेल्या दुसऱ्या क्लोनच्या आयजीजीचा असेल. अल्फा (आयजीएच्या) साखळीची सेकंडरी घेऊन जुनं आणि नवं सुपरनेटंट एकाच प्लेटवर पुन्हा लावा, क्लोनिंग त्यानंतर.