पुण्याच्या पेठा स्वतः आखलेल्या वाटेने : अनुभव धागा

कसबा पेठेपासून मंडईपर्यंतचे जुने पुणे ज्यांनी कोणा माहितगाराच्या मागे न चालता, स्वतःच वाट आखून पायी पाहिले आहे, त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत, ही विनंती.

सुरुवात मी करतो. पहिल्या खेपेस मी शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, विश्रामबागवाडा, तुळशीबाग आणि मंडई अशी यादी खिशात घालून निघालो आणि दुपारपर्यंत ती संपवलीही. परंतु घरी आल्यावर शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाच्या अणकुचीदार खिळ्यांपलीकडे फारसे काही आठवेना. दुसऱ्या खेपेस वास्तू बाजूला ठेवल्या आणि देवांच्या चमत्कारिक नावांचा माग काढला. पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, उपाशी विठोबा, डुल्या मारुती, खुन्या मुरलीधर! पासोड्या विठोबाजवळ पूर्वी पासोड्यांचा, म्हणजे जाड पांघरुणांचा, बाजार भरत असे, हे एका दुकानदार आजोबांनी सांगितले; पानिपतच्या वेळी मूर्ती डुलली म्हणून डुल्या मारुती, ही आख्यायिका देवळाच्या पायरीवर बसलेल्या आजींकडून ऐकली. प्रत्येक देवळापाशी पुढच्या देवळाचा रस्ता विचारावा लागला, त्यामुळे माणसे बोलती झाली. तेव्हापासून मी यादी करत नाही, एकच धागा धरतो.

* * *

आपण धाग्याचा उल्लेख केलात, म्हणून लिहिते. आमचा धागा पाण्याचा होता. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालील दगडी नळातून, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले गेले आणि ते ठिकठिकाणच्या हौदांत सोडले गेले. काळा हौद, बदामी हौद, नाना हौद, फडके हौद ही नावे आम्ही कागदावर पेठांप्रमाणे मांडली आणि दोन रविवार चाललो. पहिल्या रविवारी फोनवरील नकाशाने आम्हाला दोनदा बंद बोळात नेले. त्यानंतर फोन पिशवीत ठेवला आणि रिक्षावाल्यांना विचारू लागलो. अनेक ठिकाणी चौकाला हौदाचे नाव आहे, पण पाणी भरायला येणाऱ्यांची गर्दी आता फक्त कल्पनेत उभी करावी लागते.

या वाटेचा शेवट आम्ही मुद्दाम गंज पेठेत, आजच्या महात्मा फुले पेठेत ठेवला. जोतीरावांनी १८६८ मध्ये आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पेशव्यांच्या हौदांवर कोणाला पाणी भरता येत होते आणि कोणाला नाही, हा प्रश्न दोन रविवार माझ्या मनात साचत गेला होता, म्हणूनच त्या हौदापाशी मला रडू आले. थेट रिक्षाने फुलेवाड्यात उतरले असते, तर मी तेथील माहिती वाचून बाहेर पडले असते.

* * *

मी मुंबईची. सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपतीचे देऊळ चुकवू नये, एवढेच सांगते. कमला नेहरू रुग्णालयाजवळच्या दाटीत काळ्या दगडाची ती दर्शनी भिंत अचानक समोर येते. तिच्यावर गेंड्याला साखळदंडाने बांधणारा इंग्रज शिपाई कोरलेला आहे आणि आत तीन सोंडांचा गणपती मोरावर बसलेला आहे. सकाळचे तिरपे ऊन असताना जावे, कोरीवकाम अधिक उठून दिसते.

* * *

सत्तरी ओलांडलेल्या वडिलांना घेऊन फिरणाऱ्यांसाठी माझा अनुभव उपयोगी पडेल. आम्ही दर अर्ध्या तासाला बसता येईल अशी जागा आधी हेरून ठेवली होती; देवळांचे सभामंडप त्या दृष्टीने फार सोयीचे पडतात. वडिलांना खरी ओढ होती ती कसब्यातील तांबट आळीची. भांड्यावर हातोडीने ठोके देऊन मठारकाम करतात, त्याचा आवाज गल्लीच्या तोंडाशीच ऐकू आला आणि वडील थांबले. आमच्या घरचा बंब अशाच आळीत घडला होता, असे ते म्हणाले. पुढची तीन ठिकाणे आम्ही सोडून दिली आणि पाऊण तास एका कारागिराच्या दारात बसून राहिलो. ठरलेल्या वेळी पुढे नेणारा कोणी सोबत असता, तर हे घडले नसते.

* * *

वरील अनुभव वाचून धीर झाला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा माझी आई नारायण पेठेत राहत होती आणि आठ वर्षांची होती. मागील वर्षी मी तिला विचारून तिचा त्या दिवसाचा रस्ता कागदावर काढून घेतला: घर, शेजाऱ्यांचा जिना, लक्ष्मी रस्ता, मग नातेवाइकांचे घर. तो कागद हातात धरून मी एकटाच चाललो. आईचा वाडा उरलेला नाही, तेथे सहा मजली इमारत आहे. मी तिला तेथूनच फोन केला, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला की, नदी तेथून दिसते का. दिसत नाही, असे मी सांगितले. त्या दिवशी दारातूनच दिसत होती, असे ती म्हणाली.