मोठी राज्ये जिंकूनही हिलरी क्लिंटन यांची उमेदवारी का हुकली? (२००८)

प्रश्न : धरमपेठ, नागपूर

नमस्कार. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांसाठी आम्ही काही जण दर रविवारी सकाळी एका अभ्यासिकेत राज्यशास्त्राचा वर्ग घेतो. गेल्या रविवारी अमेरिकेतील पक्षांतर्गत निवडणुकीचा विषय होता, म्हणून मी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी २००८ साली डेमोक्रॅटिक पक्षात झालेली हिलरी क्लिंटन विरुद्ध बराक ओबामा ही लढत उदाहरणादाखल घेतली. तेव्हा एका विद्यार्थिनीने उठून फळ्यावर दोन याद्या लिहिल्या. क्लिंटन यांच्या बाजूला कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, ओहायो, पेनसिल्व्हेनिया आणि ओबामा यांच्या बाजूला आयडाहो, अलास्का, कॅन्सस, नेब्रास्का. मग तिने विचारले, "सर, मग हरले कोण?" राज्याराज्यांतून पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडण्यासाठी जाणाऱ्या प्रतिनिधींच्या संख्येवर निकाल ठरतो एवढे मी सांगितले, परंतु ती संख्या अशी उलटी कशी पडली हे मला नीट समजावता आले नाही, आणि ते मनाला लागून राहिले आहे. फ्लोरिडा आणि मिशिगन येथील मतदारांची मते सुरुवातीला धरलीच गेली नाहीत, हे न्याय्य होते का, असाही तिचा प्रश्न आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : निवृत्त प्राध्यापिका, महाल

आपल्या विद्यार्थिनीची यादी अपुरी आहे, हे आधी सांगते. इलिनॉय, जॉर्जिया, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना ही काही लहान राज्ये नव्हेत आणि ती ओबामांनी जिंकली होती. तरीही तिचा मूळ प्रश्न खराच आहे.

डेमोक्रॅटिक पक्षात राज्य जिंकणाऱ्याला त्या राज्यातील सगळे प्रतिनिधी मिळत नाहीत. किमान १५ टक्के मते मिळवणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी मिळतात, आणि त्यांतील बरेचसे वाटप राज्यभराच्या एकूण मतांवर न होता एकेका मतदारसंघात वेगवेगळे होते. नागपूरच्या माणसाला हे समजायला एक अडचण येते, ती अशी की महापालिकेचा चार जागांचा प्रभाग आपल्या डोळ्यांसमोर असतो. आपल्याकडे त्या चारही जागांचे मतदान स्वतंत्र होत असल्याने लाट आली की एकच पक्ष चारही जागा घेऊन जातो. तिथे मात्र चार प्रतिनिधींच्या मतदारसंघात एकाला ६० आणि दुसऱ्याला ४० टक्के मते मिळाली, तरी वाटणी दोन-दोन अशीच होते. तिसरा प्रतिनिधी हवा असेल तर साडेबासष्ट टक्क्यांच्या वर जावे लागते. याउलट तीन प्रतिनिधींच्या मतदारसंघात निम्म्याहून थोडी जास्त मते मिळाली तरी वाटणी दोन-एक होते. मुलांना चार आणि तीन खडू देऊन हे करायला लावा, लगेच उमजेल.

आता ५ फेब्रुवारी २००८, म्हणजे 'सुपर ट्यूसडे'चा, एकाच वेळी अनेक राज्यांत मतदान झाले तो दिवस पाहा. न्यू जर्सीत दहा लाखांहून अधिक लोकांनी मतदान केले, क्लिंटन जिंकल्या आणि प्रतिनिधींची वाटणी ५९ विरुद्ध ४८ झाली. निव्वळ आघाडी ११. त्याच दिवशी आयडाहोच्या कॉकसमध्ये, म्हणजे मतदारांच्या प्रत्यक्ष सभांमध्ये, जेमतेम एकवीस हजार लोक आले, ओबामा एकतर्फी जिंकले आणि वाटणी १५ विरुद्ध ३ झाली. निव्वळ आघाडी १२! मोठ्या राज्यात थोडक्यात हरायचे आणि जिथे प्रतिस्पर्धी फिरकलाच नाही अशा लहान राज्यात घसघशीत जिंकायचे, या हिशेबावर ओबामांच्या चमूने महिनोन्महिने काम केले होते. फेब्रुवारीत त्यांनी सलग अकरा लढती जिंकल्या तेव्हा त्यांची आघाडी शंभराच्या पुढे गेली, आणि वाटप प्रमाणशीर असल्यामुळे ती नंतर तोडणे क्लिंटन यांना जमले नाही. ज्या नियमामुळे मागे पडलेला उमेदवार लवकर बाद होत नाही, त्याच नियमामुळे त्याला पुढेही येता येत नाही. रिपब्लिकन पक्षात त्या वर्षी अनेक राज्यांत विजेत्यालाच सर्व प्रतिनिधी मिळत होते, म्हणून तिथे जॉन मॅकेन यांची उमेदवारी ४ मार्चलाच निश्चित झाली.

उत्तर २ : त्या काळात टेक्सासमध्ये असलेला नागपूरकर

प्राध्यापिकाबाईंनी मांडलेल्या हिशेबाचा सर्वांत विलक्षण नमुना मी प्रत्यक्ष पाहिला आहे. ४ मार्च २००८ रोजी मी नोकरीनिमित्त ह्यूस्टनमध्ये होतो. मला अर्थातच मताधिकार नव्हता, परंतु कचेरीतील एका सहकाऱ्यासोबत मी पाहायला म्हणून गेलो होतो. टेक्सासची पद्धत दुहेरी होती. दिवसा नेहमीसारखे मतदान झाले आणि संध्याकाळी मतदान केंद्रे बंद झाल्यावर तिथेच कॉकस भरला. ज्याने दिवसा मत दिले असेल त्यालाच संध्याकाळच्या सभेत भाग घेता येत असे. एका शाळेच्या व्हरांड्यात लोकांची रांग वळणे घेत फाटकाबाहेर गेली होती. आत बाकावर कागद ठेवलेले होते आणि त्यांवर प्रत्येकाने स्वतःचे नाव, पत्ता व पसंतीचा उमेदवार स्वतःच्या हाताने लिहायचा होता. इतके लोक येतील असे आयोजकांना वाटले नसावे, कारण कागद संपले तेव्हा एका बाईंनी वहीची पाने फाडून त्यांवर पट्टीने रकाने आखले. माझ्यापुढे उभ्या असलेल्या आजोबांनी उभे राहवेना म्हणून मोडती खुर्ची सोबत आणली होती आणि रांग सरकली की ते ती उचलून दोन पावले पुढे नेत असत. गुप्त मतदानाची सवय असलेल्या मला शेजाऱ्यांसमोर उघडपणे कौल देण्याची ती रीत फार अवघड वाटली.

टेक्सासमधील दिवसाचे मतदान क्लिंटन यांनी सुमारे एक लाख मतांनी जिंकले आणि त्यातून त्यांना ६५, तर ओबामांना ६१ प्रतिनिधी मिळाले. कॉकसमधील ६७ प्रतिनिधींपैकी ३८ मात्र ओबामांकडे गेले. बेरीज केली तर ओबामा ९९ आणि क्लिंटन ९४. जिथे आधीच्या निवडणुकांत पक्षाला अधिक मते पडली होती त्या भागांना जास्त प्रतिनिधी देण्याचा नियम होता. त्यामुळे ऑस्टिन आणि ह्यूस्टनमधील काही भागांचे वजन वाढले, तर क्लिंटन यांना मानणाऱ्या दक्षिण टेक्सासचे कमी झाले.

उत्तर ३ : सीताबर्डी

दुसऱ्या प्रश्नाबद्दल मला स्पष्ट मत मांडायचे आहे. पक्षाने काही ठरावीक राज्ये वगळून इतरांना ५ फेब्रुवारीपूर्वी मतदान घेण्यास मनाई केली होती. मिशिगनने १५ जानेवारीला आणि फ्लोरिडाने २९ जानेवारीला मतदान घेतले, म्हणून दोघांचेही सर्व प्रतिनिधी रद्द करण्यात आले. तिथे प्रचार न करण्याचे प्रमुख उमेदवारांनी मान्य केले होते आणि मिशिगनच्या मतपत्रिकेवर तर ओबामांचे नावच नव्हते. अशा मतदानाचा निकाल नंतर जसाच्या तसा धरा, ही मागणी मला कधीच पटली नाही. परंतु मतदाराचा दोष काय? फ्लोरिडातील तारीख ठरवली राज्याच्या विधिमंडळाने, जिथे बहुमत रिपब्लिकन पक्षाचे होते. शिक्षा मात्र डेमोक्रॅटिक मतदाराला झाली. ३१ मे रोजी पक्षाच्या नियम समितीने दोन्ही राज्यांच्या प्रतिनिधींना अर्धे-अर्धे मत देऊन मार्ग काढला. बहुमताचा आकडा त्यामुळे २,११८ झाला आणि ३ जूनला, शेवटच्या दोन राज्यांच्या दिवशी, ओबामांनी तो गाठला.

मला हे सगळे जवळचे वाटते, कारण माझ्या काकांनी एका पक्षाचे तीस वर्षे काम केले आणि महापालिकेच्या एका निवडणुकीत अर्ज भरून ते झोन कार्यालयाच्या पायरीवर एबी फॉर्मची, म्हणजे पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण हे सांगणाऱ्या पत्राची, वाट पाहत बसले होते. मुदत तीन वाजेपर्यंत होती. तीनला वीस मिनिटे कमी असताना फॉर्म आला, तो दुसऱ्याच्या नावाचा. का, हे त्यांना कोणी कधीच सांगितले नाही. क्लिंटन हरल्या, परंतु कुठे किती प्रतिनिधींनी हरल्या हे त्यांना ठाऊक होते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. येत्या रविवारी खडूंचा प्रयोग करणार आहे. एक शंका राहिली. कोणालाही केवळ मतदानातून निवडलेल्या प्रतिनिधींच्या बळावर बहुमत मिळाले नव्हते ना? मग सुपरडेलिगेटांनी, म्हणजे मतदानातून न निवडता पदामुळे प्रतिनिधी झालेल्यांनी, पारडे फिरवले असते तर?

उत्तर १ : निवृत्त प्राध्यापिका, महाल

बरोबर, दोघांनाही तेवढ्यावर बहुमत नव्हते. खासदार, राज्यपाल, पक्षाचे पदाधिकारी असे आठशेहून अधिक सुपरडेलिगेट होते आणि त्यांच्यावर कोणतेही बंधन नव्हते, त्यामुळे नियमाने ते पारडे फिरवू शकले असते. मतदानातून पुढे असलेल्या उमेदवाराला डावलण्यास त्यांतील बहुसंख्य तयार झाले नाहीत, म्हणून निकाल टिकला. पुढे २०१८ मध्ये पक्षाने नियम बदलला. निकाल आधीच स्पष्ट झालेला नसेल, तर अधिवेशनातील पहिल्या फेरीत आता त्यांना मत देता येत नाही. त्या मुलीला हेही सांगा, आणि तिची फळ्यावरची यादी पुसू नका. तिच्याच शेजारी प्रतिनिधींचे आकडे लिहा.